टायरची कुंडली

चौकातला पंक्चरवाला मामा मागच्या टायरवर तळवा फिरवतो आणि मान वर न करता विचारतो, "रोज हायवेनंच जाता ना?" यात जादू काही नाही. मधला पट्टा घासून सपाट आणि कडेची नक्षी कोरी, म्हणजे गाडी सरळच पळतेय. घाटात रमणाऱ्या गाडीचे खांदे आधी झिजतात, आणि आपल्याकडे त्यातही उजवा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवं वळण बाहेरच्या अंगानं, लांबून घ्यावं लागतं. अमेरिकेत हेच उलटं, तिकडे डावा खांदा आधी जातो.

नक्षीचं खरं काम एकच, पाणी बाजूला सारणं. कोरड्या ट्रॅकवरच्या रेसचे टायर गुळगुळीतच असतात. म्हणून पावसाळ्यात तुमचा गोटा झालेला टायर रेसचा ठरत नाही!

रबर मुळात काळं नसतंच. टायर टिकावा म्हणून त्यात काजळी घालतात. त्याची जन्मतारीखही अंगावरच असते. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. दुकानदार "नवा माल" म्हणाला, तरी आधी हा आकडा शोधावा.

नावांचीही मजा आहे. एमआरएफची सुरुवात 1946 मध्ये मद्रासला फुग्यांपासून झाली, म्हणजे धंदा पहिल्यापासून हवेचाच. सीएट मात्र मूळची इटलीतल्या ट्युरिनची, आणि त्या अक्षरांत दडल्यात चक्क विजेच्या केबल.

हवा पंपावर पोचल्यावर नव्हे, निघताना गार टायरमध्ये मोजायची. तापमान 10 अंशांनी चढलं की काटा साधारण दीड पीएसआय वर सरकतो. महाबळेश्वरला तर आणखी गंमत. सुमारे 1,350 मीटर उंचीवर बाहेरची हवाच विरळ, त्यामुळे काटा दोनेक पीएसआय जास्त दाखवू पाहतो आणि तिथला गारवा त्यातलं बरंचसं परत घेतो. हिरव्या टोपीचा नायट्रोजन? फुकटच्या हवेतही तो 78 टक्के असतो. मी तरी पैसे देत नाही.

आता शॉकअप. "रिंग फिरवून कडक करून द्या," असं आपण सर्रास म्हणतो. रिंग फिरवल्यानं स्प्रिंग कडक होत नाही, ती तेवढीच राहते. फक्त आपण बसल्यावर गाडी किती खाली बसते, ते बदलतं. शॉकअपच्या एकूण चालीपैकी पाव ते तृतीयांश भाग बसल्या बसल्या दबावा, असा ढोबळ हिशेब.

मला हे कळलं मावशीमुळे. ती मागे बसली, मांडीवर फराळाची पिशवी, आणि रिंग पहिल्याच खाचेवर. कात्रजच्या घाटात माझा हेडलाइट थेट झाडांच्या शेंड्यांवर. समोरचा एसटीवाला डिपर मारून मारून थकला. टपरीपाशी थांबून हुक पान्यानं रिंग तीन खाचा पुढे नेली, तेव्हा कुठे उजेड रस्त्यावर आला. मावशी म्हणाली, "अगंबाई, रस्ता एवढा खराब होता होय!"