ग्रंथ, दफ्तरे आणि एक सूची

चेन्नईच्या एगमोर स्थानकावर उतरलेल्या एखाद्या मराठी अभ्यासकाची आपण क्षणभर कल्पना करू. तंजावरचे दुसरे शरभोजीराजे यांच्याविषयी त्याला काही शोधावयाचे आहे. स्थानकाजवळच तमिळनाडू राज्याचे अभिलेखागार आहे. १९७३ पूर्वी ते मद्रास रेकॉर्ड ऑफिस या नावाने ओळखले जाई. तेथून थोड्याच अंतरावर, पँथिऑन रस्त्यावर, वस्तुसंग्रहालयाच्या आवारात १८९६ साली उघडलेले कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय आहे. आणि याच शहरात १८६९ साली स्थापन झालेले सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयही आहे. पहिल्या ठिकाणी कंपनी सरकारचा पत्रव्यवहार, दुसऱ्या ठिकाणी छापील ग्रंथ, तिसऱ्या ठिकाणी ताडपत्रे व पोथ्या. शरभोजीराजे एकच, त्यांच्याकडे नेणारी दारे मात्र तीन, आणि प्रत्येक दाराची किल्ली निराळ्या घडणीची.

संगणकाच्या या युगात या सर्वांची एकच सूची का करू नये, हा प्रश्न सहज मनात येतो. प्रश्न योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर यंत्रापाशी थोडे आणि माणसांपाशी फार आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी चेन्नईइतके चांगले शहर नाही.

आधी हे तीन संग्रह परस्परांपासून वेगळे का, ते समजून घेऊ. छापील पुस्तकाला मुखपृष्ठ असते. त्यावर लेखकाचे नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशक आणि साल मिळते. ग्रंथपालाचे निम्मे काम छापखान्यानेच करून ठेवलेले असते. पोथीची गोष्ट अशी नाही. तिचे नाव असलेच तर अखेरच्या पुष्पिकेत असते, आणि नेमके अखेरचे पानच पुष्कळदा कसरीने खाल्लेले असते. एका बाडात पाच ग्रंथ बांधलेले असतात. भाषा एक, लिपी दुसरी, असाही प्रकार असतो: संस्कृत ग्रंथ ग्रंथलिपीत, मराठी कागद मोडीत. घाईत असलेल्या सूचीकाराने मोडी हीच भाषा समजून नोंद केली, की तो मराठी कागद मराठी माणसाच्या दृष्टीने हरवलाच म्हणावयाचा.

दफ्तरखान्यातील कागद तर याहून वेगळा. त्याला लेखक असतो, पण तो कागद कोणासाठी, कोणत्या खात्यात, कोणत्या पत्राच्या उत्तरादाखल लिहिला, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. शेजारच्या कागदापासून तो तोडला की तो मुका होतो. म्हणून दफ्तरदार एकेका कागदाची नव्हे, तर खाते, मालिका, खंड आणि मग कागद अशी उतरत्या पायऱ्यांची नोंद ठेवतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल ज्यांनी सोडले आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

हे संग्रह विखुरले कसे, याची एक कथा याच शहराशी निगडित आहे. कॉलिन मॅकेंझी नावाचा स्कॉटिश अधिकारी १७८३ साली मद्रासला आला. जमिनीची मोजणी हा त्याचा व्यवसाय आणि जुने कागद जमविणे हे त्याचे व्यसन. कावली बंधूंसारख्या एतद्देशीय साहाय्यकांच्या मदतीने त्याने दक्षिणेतील गावोगावच्या कैफियती, शिलालेखांच्या नकला आणि हस्तलिखिते गोळा केली. त्यांत मराठी कागदही होते. १८१५ मध्ये तो हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला आणि १८२१ मध्ये मरण पावला. त्याचा संग्रह कंपनीने विकत घेतला. होरेस विल्सनने १८२८ मध्ये त्याची सूची छापली, आणि एका माणसाने एकत्र आणलेले ते भांडार लंडन, कलकत्ता व मद्रास अशा तीन शहरांत वाटले गेले. मद्रासच्या हस्तलिखित ग्रंथालयाचा पाया ज्या संग्रहांवर रचला गेला, त्यांत मॅकेंझीच्या या वाट्याबरोबर लेडन आणि सी. पी. ब्राऊन यांचेही संग्रह आहेत.

विखुरलेले एकत्र करण्याचा एक मोठा उद्योगही मद्रासनेच आरंभिला, आणि तो संगणक येण्यापूर्वी. थिओडोर आउफ्रेख्ट या जर्मन पंडिताने छापील सूच्यांवरून संस्कृत ग्रंथांची एक महासूची तयार करून १८९१, १८९६ आणि १९०३ अशा तीन भागांत प्रसिद्ध केली होती. ती लवकरच अपुरी पडू लागली. १९३५ साली मद्रास विद्यापीठाने तिची नवी, वाढविलेली आवृत्ती करण्याचे ठरविले. तिचे नाव ‘न्यू कॅटलॉगस कॅटलॉगोरम’, म्हणजे सूच्यांची नवी सूची. कुप्पुस्वामी शास्त्री, कुञ्ञन् राजा आणि डॉ. वे. राघवन ही या कामातील मोठी नावे. पहिला खंड १९४९ मध्ये निघाला आणि १९६८ मध्ये तो सुधारून पुन्हा छापावा लागला. चौदा वर्षे खपून केलेले काम वीस वर्षांत जुने झाले होते. राघवन यांनी १९५३–५४ मध्ये युरोपातील संग्रह स्वतः फिरून पाहिले, कारण तेथील कितीतरी पोथ्या कोणत्याच छापील सूचीत नव्हत्या. एकविसाव्या शतकातही या सूचीचे खंड निघत राहिले. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील पोथ्यांचा पत्ता तिच्यात लागतो, तसाच तंजावरच्या सरस्वती महालातील पोथ्यांचाही लागतो.

या सूचीच्या रचनेत एक शहाणपण आहे. ‘अमरकोश’ आणि ‘नामलिंगानुशासन’ ही एकाच ग्रंथाची दोन नावे. आपल्याकडे ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘भावार्थदीपिका’ असावीत तशी. सूचीकाराने दोन्ही नावे एकमेकांशी जोडली पाहिजेत. मात्र त्या ग्रंथाच्या प्रती एक करून चालत नाही. ग्रंथाचे नाव एकदाच यावे आणि त्याखाली कोणत्या ग्रंथालयात कोणत्या क्रमांकाची पोथी आहे, हे वेगवेगळे मांडावे, अशी ही पद्धत आहे.

यंत्राकडून नेमकी चूक होते ती येथेच. छापील पुस्तकांच्या सामायिक सूचीत एकाच आवृत्तीच्या शंभर प्रती एका नोंदीखाली आल्या तर सोय होते. हस्तलिखितात मात्र प्रत्येक प्रत स्वतंत्र साक्षीदार असते. एकीत एक ओवी अधिक, दुसरीत लेखकूचे गाव आणि शक. शीर्षक सारखे दिसले म्हणून संगणकाने दोन नोंदी एक केल्या, तर त्यांतला एक साक्षीदार नाहीसा होतो, आणि तो नाहीसा झाला आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. नोंद नसलेला कागद पुढेमागे सापडू शकतो. चुकीने दुसऱ्यात मिसळलेला शोधणे त्याहून कठीण.

दुसरी अडचण नावांची. आपले शरभोजीराजे मराठीतच कधी शरभोजी तर कधी सरफोजी होतात. इंग्रजी कागदांत ते सेर्फोजी आहेत, आणि त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या तमिळ वैद्यकग्रंथांच्या शीर्षकात शरभेंद्र. तमिळ लिपीत प, ब आणि भ यांना मिळून एकच अक्षर, तेव्हा तिकडून उलट वाचताना आणखी गोंधळ. शहाजी हे नाव घ्या. शिवाजीमहाराजांचे वडील शहाजीराजे. त्यांचेच नाव मिळालेला नातू, म्हणजे व्यंकोजींचा पुत्र, १६८४ ते १७१२ तंजावरच्या गादीवर होता आणि नाटकेही लिहीत असे. इंग्रजी लेखनात त्याला कधी शाहूजी म्हटले जाते, की लगेच साताऱ्याचे शाहू डोळ्यांपुढे उभे राहतात. यंत्राला हे आजोबा-नातू ओळखता यावयाचे, तर प्रत्येक व्यक्तीला एक कायमचा क्रमांक द्यावा लागतो, त्याखाली सर्व नावे लिहावी लागतात आणि जन्ममृत्यूची किंवा राज्यकालाची वर्षे जोडावी लागतात. हे काम पंडिताचे आहे; संगणक ते फक्त जपून ठेवतो.

श्रोतेहो, या बाबतीतही मद्रासने एक वाट दाखविली आहे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. लंडनमध्ये एका दुकानात त्यांनी मेकॅनोचे खेळणे पाहिले आणि त्यांना सुचले, की विषयांची तयार कपाटे करण्याऐवजी सुटे भाग करावेत व हवे तसे जोडावेत. १९३३ च्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाचे बीज ते. संगणकाच्या सूचीतील नोंदही अशीच सुट्या भागांची असते: व्यक्ती, स्थळ, भाषा, लिपी, काळ, संग्रह. पोथीला ‘पानांची संख्या’ हा भाग, पत्राला ‘कोणत्या खंडातील’ हा भाग. परंतु ‘व्यक्ती’ हा भाग दोघांना सामायिक. एकीकरण व्हावयाचे ते या सामायिक सांध्यांवर. सर्वांना एकाच साच्यात ठोकून बसविणे म्हणजे एकीकरण नव्हे.

सर्व नोंदी एका मध्यवर्ती वहीत ओतावयाच्या, हा एक मार्ग आहे. प्रत्येक संस्थेने आपली वही आपल्यापाशी ठेवावी आणि संगणकाने ठरावीक वेळी तिचा सारांश उचलून सामायिक सूचीत आणावा, हा दुसरा. मला दुसरा बरा वाटतो. चूक सापडली तर ती मूळ वहीत, पोथी समोर ठेवून, दुरुस्त होते. दूरच्या कार्यालयात बसून मोडीतला ‘शके’ कोण तपासणार?

छायाचित्रांविषयीही एक गैरसमज आहे. पाने चित्रित केली म्हणजे काम संपले, असे पुष्कळांना वाटते. तमिळ व्हर्च्युअल अकॅडमीच्या डिजिटल ग्रंथालयात कितीतरी जुनी तमिळ पुस्तके घरबसल्या वाचता येतात, ही मोठीच सोय आहे. पण नोंदीवाचून चित्र म्हणजे पत्त्यावाचून टपाल. २००३ मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू झाले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ‘ज्ञानभारतम्’ची घोषणा झाली. या आकड्यातील प्रत्येक पोथी कोणीतरी उघडावी लागेल, वाचावी लागेल. मोडी किंवा ग्रंथलिपी सराईतपणे वाचणारी माणसे यंत्रांच्या मानाने फारच महाग आणि दुर्मीळ आहेत, आणि ताडपत्र कोणासाठी थांबत नाही.

एगमोरला उतरलेल्या आपल्या अभ्यासकाला अशी सूची मिळाली, तर तो मराठीत ‘शरभोजी’ लिहील आणि त्याच्यापुढे रेसिडेंटाचे इंग्रजी पत्र, तमिळ वैद्यकग्रंथ आणि मोडी हिशेबाचा कागद एका ओळीने येतील. प्रत्येकापुढे इमारतीचे नाव आणि क्रमांक. तेथून पुढे चिठ्ठी लिहून देणे, दफ्तर बाहेर येईपर्यंत बाकावर वाट पाहणे आणि मोडीची अक्षरे लावीत बसणे, हे मात्र त्याला पूर्वीप्रमाणेच करावे लागेल.