पहिल्या शनिवारचे पांच गोल



इंग्लंडांतील धंदेवाईक फुटबॉल संघांचे साखळी सामने ऑगस्ट महिन्यांत सुरू होतात, आणि त्याबरोबर आमच्या घरीं जागरणेंही सुरू होतात. माझा नातू या खेळाचा मोठा भक्त आहे. गेल्या खेपेस त्याचा आवडता संघ पहिल्याच सामन्यांत हरला. मीं सहानुभूतीनें विचारपूस केली, तर स्वारी मुळींच खट्टू नव्हती. "आजोबा, पहिलाच तर सामना! अजून सदतीस बाकी आहेत," असें म्हणून त्यानें उलट माझीच समजूत घातली. तें वाक्य मला फार ओळखीचें वाटलें. जून महिन्यांत गृहपाठ न आणणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडून, थोड्याफार फरकानें, मास्तरकीच्या सर्व वर्षांत मीं तें ऐकलें आहे. म्हणून हंगामाच्या आरंभीच्या सामन्याची खरी किंमत किती, हा प्रश्न आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

तेथें स्पर्धा दोन प्रकारच्या असतात. एक 'कपा'ची. तींत हरला तो बाहेर पडला. हिची तुलना मी मॅट्रिकच्या परीक्षेशीं करीन. दुसरी स्पर्धा साखळीची, म्हणजे 'लीग'ची. तींत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशीं दोनदां खेळतो, एकदां स्वतःच्या मैदानावर व एकदां त्याच्या. वरच्या वर्गांत आज वीस संघ आहेत, म्हणून प्रत्येकाच्या वांट्यास अडतीस सामने येतात. येथें बाहेर कोणी पडत नाहीं. वर्षभराच्या गुणांची बेरीज होते आणि मे महिन्यांत निकाल लागतो.

या पद्धतीचा उगम पोटाच्या प्रश्नांत आहे. १८८५ सालीं खेळाडूंना वेतन देण्यास तेथें मान्यता मिळाली. वेतन द्यावयाचें म्हणजे उत्पन्न निश्चित हवें. पण ठरलेले सामने ऐन वेळीं रद्द होत, आणि तिकिटांचा पैसा बुडे. तेव्हां बर्मिंगहॅम येथील कापडाचे व्यापारी व ॲस्टन व्हिला संघाचे चालक विल्यम मॅक्ग्रेगर यांनीं निवडक संघांनीं आपसांत ठरलेल्या तारखांना खेळावें अशी सूचना केली. त्यांतून बारा संघांची लीग निघाली व ८ सप्टेंबर १८८८ रोजीं तिचे पहिले सामने झाले. गंमत अशी कीं, विजयास दोन गुण व बरोबरीस एक, हा नियम त्या वर्षीं नोव्हेंबरांत ठरला. म्हणजे पहिल्या दिवशीं खेळणाऱ्यांना आपल्या विजयाची किंमत किती धरली जाणार, हेंही ठाऊक नव्हतें!

यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं झालेला एक सामना आपण उदाहरणादाखल घेऊं. शनिवार, २७ ऑगस्ट १९८८. हंगामाचा पहिला दिवस. लंडनच्या नैर्ऋत्य भागांतील विम्बल्डन संघाचें प्लाऊ लेन हें लहानसें मैदान. विम्बल्डन हा संघ १९७७ पर्यंत लीगमध्येंही नव्हता; परंतु त्याच वर्षाच्या मे महिन्यांत त्यानें बलाढ्य लिव्हरपूलला कपाच्या अंतिम सामन्यांत १–० असें हरविलें होतें. पाहुणा संघ उत्तर लंडनचा आर्सेनल. त्यानें १९७१ नंतर लीगचें अजिंक्यपद पाहिलें नव्हतें. त्या दिवशीं आर्सेनलनें ५–१ असा विजय मिळविला. ॲलन स्मिथनें तीन गोल केले, ब्रायन मारवुड व पॉल मर्सन यांनीं एकेक. त्याच दिवशीं लिव्हरपूलनेंही चार्लटन संघास ३–० असें नमविलें.

विजयाचे तीन गुण मिळावयाचे, मग तो १–० असो वा ५–१ असो. चार गोल झाल्यावर सामना हातांत आलेलाच होता. पांचव्या गोलानें एक गुणही वाढणार नव्हता. पुढच्याच शनिवारीं तर आर्सेनल आपल्याच मैदानावर ॲस्टन व्हिलाकडून २–३ असा हरला. त्या पांचव्या गोलाची आठवण मग कोणीं ठेवावी?

हंगाम पुढें सरकला. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचा कपाचा उपांत्य सामना सुरू होतांच प्रेक्षकांची भयंकर चेंगराचेंगरी झाली. तिच्यांत अखेर सत्त्याण्णव जीव गेले. सामना पाहावयास गेलेलीं तीं माणसें घरीं परतलीं नाहींत. खेळाचा कोणताही हिशेब या दुःखापुढें क्षुल्लक आहे. लिव्हरपूलचे सामने लांबणीवर पडले, आणि एप्रिलांत व्हावयाचा लिव्हरपूल–आर्सेनल सामना शुक्रवार, २६ मे रोजीं, हंगामाच्या अगदीं शेवटीं आला. त्या रात्रीं आर्सेनलच्या खेळाडूंनीं प्रथम पुष्पगुच्छ घेऊन प्रेक्षकांना आदरांजली वाहिली, आणि मग खेळास आरंभ झाला.

आतां पाटीवर मांडावयाचें गणित. त्या सकाळीं लिव्हरपूलचे ७६ गुण होते, आर्सेनलचे ७३. लिव्हरपूलनें ६५ गोल केले होते व त्याच्यावर २६ झाले होते, फरक ३९. आर्सेनलचे ७१ व ३६, फरक ३५. गुण समान झाल्यास हा फरक पाहावयाचा, आणि फरकही समान झाल्यास ज्याचे गोल अधिक तो श्रेष्ठ, असा नियम होता. म्हणजे लिव्हरपूल एका गोलानें हरला असता तरी अजिंक्यपद त्याचेंच. आर्सेनलला दोन गोलांनींच जिंकणें भाग होतें.

दुसऱ्या अर्धांत स्मिथनें डोक्यानें पहिला गोल केला. नव्वद मिनिटें उलटलीं, पंच घड्याळ पाहूं लागले, आणि त्या अखेरच्या क्षणांत मायकेल टॉमसनें दुसरा गोल केला. सामना २–०. गुण दोघांचे ७६. फरक दोघांचा ३७. आर्सेनलचे एकूण गोल ७३, लिव्हरपूलचे ६५. अठरा वर्षांनंतर अजिंक्यपद आर्सेनलकडे गेलें.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७६ पर्यंत गोलांची वजाबाकी करीत नसत. केलेल्या गोलांना झालेल्या गोलांनीं भागीत असत. त्या रीतीनें लिव्हरपूलचें उत्तर २.३२ येतें आणि आर्सेनलचें २.०३. म्हणजे भागाकार चालू असता तर अजिंक्यपद लिव्हरपूलचें ठरलें असतें! झालेल्या गोलांना भागाकारांत भार अधिक, म्हणून बचाव करणाऱ्यास तो मानवे; वजाबाकीनें केलेल्या व झालेल्या प्रत्येक गोलास सारखेंच मोल दिलें.

टॉमसच्या त्या गोलावर पुष्कळ लिहिलें गेलें, आणि तें योग्यच आहे. परंतु आपण प्लाऊ लेनकडे परत जाऊं. तेथें आर्सेनल ५–१ ऐवजीं ४–१ असा जिंकला असता, तर विजयाचे गुण तेच, पण हंगामाचा फरक ३६ झाला असता. आणि टॉमसचा गोल होऊनही अजिंक्यपद लिव्हरपूलकडेच राहिलें असतें. ऑगस्टमधल्या त्या पांचव्या गोलाचें मोल मे महिन्यांत वसूल झालें. आणि दुसरी बाजूही तितकीच खरी. व्हिलाकडून झालेल्या पराभवांत नुसती बरोबरी साधती, तर एक गुण अधिक मिळून शेवटच्या रात्रीं एका गोलाचा विजयही पुरला असता.

हें सारें मीं नातवास कागदावर मांडून दाखविलें. तो बराच वेळ आंकडे पाहत बसला. मग म्हणाला, "पण आजोबा, त्या दिवशीं मैदानावर हें कोणाला ठाऊक होतें?"

कोणालाच नव्हतें. अडतीस सामन्यांतील कोणता गोल शेवटीं उपयोगी पडेल, हें खेळतांना कळत नाहीं. म्हणून तो प्रत्येक सामन्यांत करावा लागतो. पुढच्या शनिवारीं त्याचा संघ पुन्हां हरला. या वेळीं मात्र तो एका वहींत गोलांचा फरक लिहीत होता.