होडी केवढी असावी?

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाने होडीवर लेख लिहावा, हे पाहून कित्येक वाचकांना हसू येईल. समुद्र आपल्यापासून सरळ रेषेतसुद्धा तीनशे किलोमीटरहून दूर. ओढ्याला पूर आला, की गूळ करायची कढई नाही तर ट्रकची ट्यूब, हीच आपली होडी! पण इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आपले तेर आठवत असेल. 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात त्याचे नाव 'तगर' असे येते. तगरचे कापड गाड्यांवर लादून आडवाटांनी भडोच बंदरात जात असे, अशी नोंद त्यात आहे. त्या काळी आपला माल चाकांवरून समुद्राकडे गेला. आज होडीच चाकांवर बसून आपल्या धरणांकडे येऊ शकते.

मोटारीमागे ट्रेलर जोडून नेता येणारी, शिडाची, रात्री दोघाचौघांना आत झोपता येईल अशी छोटी प्रवासी होडी परदेशांत चांगलीच रुळली आहे. तिची लांबी साधारणपणे पंधरा ते पंचवीस फूट असते. वसतिगृहात एका रात्री आमचा याच विषयावर वाद रंगला. पैसे कोणाच्याच खिशात नव्हते, त्यामुळे वादाला मर्यादा नव्हती! एकाचे म्हणणे १६ फुटी घ्यावी, दुसऱ्याचे २० फुटी. 'चार फुटांनी काय बिघडते?' असे तो म्हणाला. तेव्हा गणित मांडून पाहिले.

एकाच घडणीच्या दोन होड्या घेतल्या, तर लांबी १६ वरून २० फूट झाली म्हणजे ती सव्वापट वाढली. पण लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही वाढते. म्हणून वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढून जवळजवळ दुप्पट होते. उलटण्याला विरोध करण्याची शक्ती तर चौथ्या घाताने वाढते, म्हणजे जवळजवळ अडीचपट होते. येथवर मोठ्या होडीची बाजू भक्कम आहे. वेगाचे मात्र तसे नाही. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग पाण्यालगतच्या लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ही लांबी १६ फूट असेल तर वेगाची मर्यादा ताशी सुमारे १० किलोमीटर, आणि २० फूट असेल तर सुमारे ११. वजन दुप्पट वाहून वेग मिळाला ताशी एक किलोमीटर!

शिवाय जी होडी चाकांवर हिंडायची, तिची परीक्षा पाण्याआधी जमिनीवर होते. ती तीन ठिकाणी होते : रस्ता, काठ आणि हात.

रस्त्याची गोष्ट आपल्याला सांगायला नको. उसाची भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला कशी ढकलते, हे आपण दर हंगामात पाहतो. कोकणात जायचे तर घाट उतरावाच लागतो. तेथे मागचे वजन पुढच्या गाडीला आणि तिच्या ब्रेकला झेपलेच पाहिजे.

काठाची परीक्षा आपल्याकडे अधिक कठीण. माकणीचे निम्न तेरणा धरण घ्या किंवा परंड्याकडचे सीना-कोळेगाव. पावसाळ्यानंतर पाणी भरलेले असते. उन्हाळ्यात ते मागे मागे सरकते आणि काठाला काळ्या मातीचा चिखल उरतो. त्या चिखलात हलकी होडी चार मित्र ओढून काढतील. दुप्पट वजनाची होडी मात्र ट्रेलरसकट रुतून बसेल. काही वर्षी तर पाणीच उरत नाही. २०१६ मध्ये मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही.

तिसरी परीक्षा हातांची. प्रत्येक वेळी काठावर डोलकाठी उभी करावी लागते. लहान होडीची काठी एकटा माणूस उभी करतो. मोठीला दोघे-तिघे लागतात. डोलकाठी ॲल्युमिनियमची असेल आणि वरून विजेची तार गेलेली असेल, तर क्षणाची चूक जिवावर बेतते. आधी वर पाहावे, मगच काठीला हात घालावा.

आकाराचा हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी अवजड जहाजे बांधूच नयेत, असा त्यातला आशय आहे. मोठेपणाचा मोह टाळून आपला किनारा आणि आपली माणसे पाहून माप ठरवावे, हेच ते सूत्र.

मग लहान होडी धोक्याची नाही का? अवश्य आहे. २१ मे २०२४ रोजी शेजारच्या उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. धरणाचे पाणी म्हणजे तळे नव्हे. वळवाचे ढग दिसू लागले की काठ गाठावा. अंगात जीवरक्षक जाकीट असावे. होडीत पाणी शिरले तरी ती तरंगत राहील, असे हवाबंद कप्पे असावेत. आणि ठरल्याहून एकही माणूस अधिक घेऊ नये. हे पाळणाऱ्याला लहान होडीही खूप दूर नेते. फ्रँक डाय या इंग्रज नाविकाने १९६३ मध्ये 'वेफेअरर' जातीच्या जेमतेम १६ फुटी उघड्या होडीतून स्कॉटलंडहून आइसलंड गाठले. अर्थात, त्यामागे पुष्कळ वर्षांचा सराव होता. केवळ धाडसाचे अनुकरण करू नये.

तात्पर्य, दोघांनी माकणीच्या पाण्यावर दिवस काढायचा आणि रात्री होडीवरच ताडपत्री ताणून झोपायचे, तर पंधरा-सोळा फूट पुरे. कुटुंबासह कोकणातल्या खाड्यांत आठवडा काढायचा, मागे दमदार गाडी आणि सोबतीला नेहमी एक धडधाकट माणूस असेल, तर एकोणीस-वीस फूट. त्याहून मोठी होडी बंदरातच बांधून ठेवावीशी वाटेल. मग चाके कशाला?

वसतिगृहातला तो वाद १६ फुटांवर मिटला. होडी अजून आलेली नाही. तोवर निदान पोहायला शिकावे, असे आमचे ठरले आहे. आणि माझ्या मते होडीच्या खरेदीची खरी सुरुवात तीच आहे.