गर्दीतील भक्ताचे उत्तरदायित्व

श्रद्धा ही ज्याची त्याची खाजगी बाब होय, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु लाखो माणसे एकाच दिवशी एकाच डोंगरावर चढू लागतात, तेव्हा ती खाजगी राहत नाही. सातारा जिल्ह्यातील मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी जे घडले, त्याने हे फार भयंकर रीतीने दाखवून दिले. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या, माणसे घसरली, आणि मागचा रेटा चालूच राहिला. पुढे संतापलेल्या जमावाने दुकाने पेटविली व गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. तीनशेच्या आसपास जीव गेले.

न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. अरुंद वाट, दुकानांची दाटी, अपुरी व्यवस्था ही कारणे खरीच होती. शासनाचा वा देवस्थानाचा दोष कोणी कमी लेखू नये. पण पायऱ्यांवरचे ते पाणी कोणाचे होते? प्रत्येकाचा नारळ तर एकच! अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, तो हाच. कृतीचे पुण्य कर्त्याच्या पदरी, आणि तिची किंमत मागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या माथी. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखानदाराला निदान दंड तरी करता येतो. नवस फेडणारा मात्र आपल्या व देवीच्या हिशेबात इतका गुंतलेला असतो की, मधला माणूस त्याला दिसतच नाही. अतिरेकाचा आरंभ येथेच होतो. त्यासाठी हाती शस्त्र घ्यावे लागत नाही.

यावर श्रद्धाच नको, असे सांगणारे आहेत. ते उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच निरुपयोगी. याच महाराष्ट्रात आषाढीला लाखो वारकरी चालतात. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात शिस्त लावून दिली. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की टाळमृदंग थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवीत राहते. तिचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच आरती होते. भक्तीच्या ऐन भरात गाऱ्हाणे ऐकण्याची ही सोय कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात शोभावी अशी आहे.

अर्थात शिस्त म्हणजे विवेक नव्हे. त्याच पंढरपुरातील मंदिर अस्पृश्यांना बंद होते, आणि शिस्तीने चालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो रिवाज निमूटपणे पाळला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तेथे उपोषण आरंभिले आणि दहा दिवसांत दरवाजे उघडले. गुरुजी नास्तिक नव्हते, हे येथे विसरता कामा नये. आपल्या देवाच्या नावाने चाललेल्या अन्यायाचे उत्तर आपणच दिले पाहिजे, असे त्यांना वाटले.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप चावलेल्यास दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यानुसार गुन्हा ठरतो. कायदा भोंदूला पकडतो. त्याच्या दाराशी आजारी मूल घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पदवीधर बापाला पकडत नाही, आणि पकडू नयेही. त्या बापाने बहुधा सकाळीच दवाखान्यात केसपेपर काढलेला असतो, औषधही घेतलेले असते. मुलाचा ताप उतरला की तो पेढे मात्र बाबाकडे घेऊन जातो.