ती जागा रिकामी नाही!

शहर वाढतंय आणि कॅम्पसलाही वाढायचंय. पण परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सगळ्यात मोलाचं ‘इन्फ्रास्ट्रक्चर’ म्हणजे तिथली शेतं. नकाशा काढताना त्यांचा हिशेब कोण मांडणार?

तुमच्या ऑफिसात एखादा परभणीकर असेल तर त्याला ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ऐकवून बघा. तो लगेच ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं ठणकावून सांगेल आणि पाचव्या मिनिटाला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा विषय काढेल. या विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. नाईकांचं नाव त्याला २०१३ मध्ये मिळालं. गावात विद्यापीठ आहे, म्हणण्यापेक्षा विद्यापीठाला खेटून गाव वाढलं, असं वसमत रोडवरून जाताना वाटतं.

२०११ मध्ये परभणीची महानगरपालिका झाली. महापालिका आली की रस्ते, बागा, पार्किंग, दवाखाने सगळ्यालाच जागा लागते. आणि समोर एवढं मोकळं रान! कुणाच्याही तोंडून सहज निघून जातं, ‘अरे, पडूनच आहे ना ती जागा?’

पडून? छे!

इथल्या मातीत प्रयोग सुरू झाले ते निजामाच्या काळात, १९१८ साली. कृषी महाविद्यालय आलं १९५६ मध्ये. तुमच्या डब्यातली भेंडी घ्या. पानं पिवळी पाडणाऱ्या व्हायरसला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’ ही जात १९८५ मध्ये इथूनच आली. नेहमीच्या भेंडीचा एका रानटी भेंडीशी संकर करून ती तयार झाली. लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी २०१८ ची. हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेसोबत केलेलं ते काम.

असं वाण एका हंगामात होत नाही. वर्षानुवर्षं पेरायचं, मोजायचं, निवडायचं. शुद्ध बियाणं हवं तर दुसऱ्या जातीचे परागकण येऊ नयेत म्हणून शेताभोवती ठरावीक ‘विलगीकरण अंतर’ सोडावं लागतं. म्हणजे जी जागा आपल्याला मोकळी दिसते, तीसुद्धा ड्युटीवर असते! कॅम्पसमधल्या वेधशाळेचंही तसंच. थंडीत ‘परभणीचा पारा घसरला’ ही बातमी येते ती बहुधा तिथल्याच नोंदीवरून. भोवती काँक्रीट उभं राहिलं की रात्रीचं तापमान चढतं आणि जुन्या नोंदींशी तुलनाच बिघडते.

वाढायचं, पण कुठे?

विद्यापीठानं वाढूच नये का? वाढायलाच हवं. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांची पोरं इथे येतात. त्यांना होस्टेल हवं, लॅब हवी. पण होस्टेलवर आणखी एक मजला चढवता येतो, शेतावर दुसरं शेत चढवता येत नाही. एवढं साधं गणित विद्यापीठ आणि महापालिका या दोघांनीही टेबलावर ठेवायला हवं.

पुण्याचं उदाहरण ताजं आहे. शंभर वर्षांहून जुन्या कृषी महाविद्यालयाच्या जमिनीवर मेट्रोचा रेंजहिल डेपो उभा राहिला. मेट्रो हवीच होती, ऑफिसला जाणारे आपणच तिच्यातून फिरतो. पण शेतजमीन एकदा गेली की पुन्हा शेत होत नाही, हेही तितकंच खरं. परभणीला हा सौदा आधीच विचार करून ठरवता येईल.

तो ठरतो विकास आराखड्यात, म्हणजे ‘डीपी’त. पुढच्या वीस वर्षांत कुठून रस्ता जाईल, कुठे बाग होईल, कुठली जमीन शेतीसाठीच राहील, ते या एका नकाशावर रंगवलेलं असतं. विद्यापीठानं आपला कॅम्पस प्लॅन स्वतंत्र काढला आणि महापालिकेनं डीपी स्वतंत्र, की भांडण कोर्टात जातं. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून बघितले तर सायकल ट्रॅक, सांडपाणी, बसथांबे असे कितीतरी प्रश्न एकत्र सुटू शकतात. सकाळी मोकळ्या हवेत फिरायचं असलेल्यांनाही ते हवंच आहे.

तुम्ही काय कराल?

* डीपीचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत कुणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नं दिलेला हा हक्क आहे.
* नकाशावर प्रायोगिक शेतं कुठल्या रंगात आहेत, ते आधी बघा.
* पुण्या-मुंबईत नोकरी करत असलात तरी सूचना लेखी पाठवा. घर परभणीत आहे ना? मग नकाशाही तुमचाच.