विमान परत येत नाही तेव्हा

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, उजळाईवाडीला विमानतळ झाला. कोल्हापूरकरांना विमानाचे कौतुक आहे ते तेव्हापासूनचे. परंतु गेलेले विमान ठरल्या वेळी परतलेच नाही, तर ते शोधायचे कोणी, आणि तोवर घरच्या माणसांना धीर द्यायचा कोणी, हा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. अमेरिकेत यासाठी एक निराळीच व्यवस्था आहे.

तिचे नाव सिव्हिल एअर पेट्रोल. १ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या आधी सहाच दिवस, ती स्थापन झाली. विमान चालविता येणारे साधे नागरिक तीत आले आणि महायुद्धात त्यांनी किनाऱ्यालगतच्या शत्रूच्या पाणबुड्यांवर नजर ठेवली. १९४८ साली ती अमेरिकी हवाई दलाची साहाय्यक संघटना झाली. आज तिच्यापाशी पाचशेहून अधिक लहान विमाने आहेत. हरवलेल्या विमानांचा शोध घेणे आणि पूर-वादळात मदतीला धावणे ही तिची मोठी कामे. सभासदांना पगार नाही. उलट वर्गणी भरायची आणि गणवेशही पदरच्या पैशाने घ्यायचा!

या स्वयंसेवकांतच काही धर्मगुरू असतात. त्यांना तिकडे चॅप्लेन म्हणतात. ख्रिस्ती पाद्री असतात, तसे ज्यूंचे रब्बीही असतात. आपापल्या धर्मसंस्थेची संमती असल्याखेरीज कोणाला हे काम मिळत नाही. आणि मिळाल्यावर आपला धर्म दुसऱ्याच्या गळी उतरवायचा नाही, हा दंडक. बारा वर्षांपासूनची मुलेमुली संघटनेत कॅडेट असतात. त्यांच्याशी हे लोक वागण्याबोलण्यातल्या बऱ्यावाईटाची चर्चा करतात.

पण त्यांची खरी कसोटी शोधाच्या वेळी लागते. बेपत्ता वैमानिकाच्या घरच्यांजवळ ते बसतात. डोंगरकपारीत अवशेष सापडले, तर ज्याने ते पाहिले त्या स्वयंसेवकाची विचारपूस करतात. हा गडी काही शिपाई नव्हे. सोमवारी त्याला पुन्हा आपल्या दुकानात, कचेरीत जायचे असते. त्याने विश्वासाने सांगितलेले वरिष्ठांच्याही कानी जात नाही.

आपल्या सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आहेत. त्यांचे शिक्षण पुण्यातील राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. पण ते जवानांसाठी. संकटात धावून जाणाऱ्या साध्या नागरिकाचे काय?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात हा प्रश्न आपल्या दारातच आला होता. नौदलाच्या, आपत्ती दलाच्या बोटी आल्या, तशी तालमींची, तरुण मंडळांची पोरेही पाण्यात उतरली. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची नाव उलटून माणसे बुडाली, तीही २०१९ मध्येच. असे प्रसंग ज्यांनी जवळून पाहिले, त्यांचे सत्कार होतात, हार पडतात, पण “पोरा, रात्री झोप लागते का रे?” असे त्यांना विचारणारा कोण?

गणपती आणि पंजे एकाच तालमीत बसविणाऱ्या कोल्हापुराला अशी माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. कीर्तनकार आहेत, मौलाना आहेत, पाद्री आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर नावाड्यांची आणि पट्टीच्या पोहणाऱ्यांची नावे लिहून ठेवताना खाली अशी चार नावे लिहिली, तर त्याला खर्च तो काय?