कोलारची सुवर्णनगरी

मलय द्वीपकल्प व त्याभोवतालचा प्रदेश यांना आपल्या पूर्वजांनी 'सुवर्णभूमी' असे गौरवाचे नाव दिले होते. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातील सहस्रावधी मजूर गिरमिटावर अंगठा उठवून नागपट्टणच्या बंदरातून याच दिशेने निघाले. त्यांच्या वाट्याला मात्र सोन्याऐवजी उसाचे, कॉफीचे व पुढे रबराचे मळे आले. त्याच काळी, त्याच इलाख्यातील उत्तर अर्काट व सेलम या जिल्ह्यांतून दुसरी एक वाट खऱ्याखुऱ्या सोन्याकडे जात होती. ती वाट म्हैसूर संस्थानातील कोलारची होय.

कोलारचे नाव मराठी माणसाला अपरिचित नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांना मिळालेल्या बंगळूरच्या जहागिरीत कोलारचाही समावेश होता. तेथील लोक पूर्वापार माती धुऊन सोन्याचे कण काढीत असत. 1802 साली म्हैसूरच्या सीमेची मोजणी करणाऱ्या लेफ्टनंट जॉन वॉरेन या अधिकाऱ्यापुढे ग्रामस्थांनी ही माती धुऊन दाखविली. त्याने लिहिलेला वृत्तांत दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. न्यूझीलंडमधील युद्धानंतर बंगळुरास स्थायिक झालेला मायकेल लॅव्हेल याच्या तो वाचनात आला, आणि 1873 साली त्याने म्हैसूर सरकारकडे खाणकामाची परवानगी मागितली.

1880 च्या सुमारास लंडनच्या बाजारात हिंदुस्थानी सोन्याचे जणू वेडच संचारले. कंपन्या निघाल्या, भाग विकले गेले आणि पुष्कळांचे पैसे बुडाले. जॉन टेलर आणि सन्स या पेढीच्या देखरेखीखालील कोलारच्या खाणीही बंद पडण्याच्या बेतात होत्या. इतक्यात, उरलेल्या थोड्या भांडवलावर चालविलेल्या खोदकामात गारगोटीच्या दगडातील समृद्ध सुवर्णशिरा सापडली आणि ओसाड माळावर नगर उभे राहू लागले. 1902 मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथील वीज सुमारे 147 किलोमीटर अंतरावरून या खाणींना पुरविण्यात आली. खुद्द बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, 1905 मध्ये!

परंतु या वैभवाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. साहेबांचे बंगले, क्लब व गोल्फचे मैदान यांमुळे या नगराला 'छोटे इंग्लंड' म्हणत; मजुरांची वस्ती मात्र बांबूच्या तट्ट्यांच्या खोपटांत होती. कंत्राटदार व मुकादम यांच्यामार्फत आणलेले हे मजूर बहुसंख्येने तमिळ आणि त्यांतही पुष्कळसे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे होते. चॅम्पियन रीफची खाण अखेरीस सुमारे 3.2 किलोमीटर खोल गेली. त्या तळाशी खडकाचे तापमान 60 अंश सेल्सियसच्याही वर असे. दाबाखालील खडक एकाएकी फुटे व माणसे गाडली जात. जे वाचत, त्यांतील कित्येकांची फुप्फुसे दगडाच्या धुळीने निकामी होत.

तथापि हे मजूर केवळ सोशीक नव्हते. 1930 मध्ये बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याची पद्धत सुरू होताच त्यांनी संप पुकारला. चोर-दरोडेखोरांप्रमाणे आपले ठसे घेतले जावेत, हे त्यांच्या स्वाभिमानाला रुचले नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या जीवनाची दिशाच एका अंगठ्याच्या ठशाने बदलली, त्यांना या नकाराचे मोल निराळे समजावून सांगावयास नको.

1956 मध्ये म्हैसूर राज्याने खाणी ताब्यात घेतल्या. 1962 मध्ये त्या केंद्र सरकारकडे गेल्या. 1965 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसमवेत, याच खाणीच्या गर्भात वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा माग काढला. मजुरांनी सोन्यासाठी खोदलेले विवर असे विज्ञानाच्याही कामी आले. पुढे सोने काढण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होऊ लागला, आणि 28 फेब्रुवारी 2001 रोजी खाणी बंद झाल्या. तोवर सुमारे 800 टन सोने निघाले होते. मागे उरले ते सायनाइडयुक्त मातीचे ढिगारे, आणि रोज पहाटे आगगाडीने बंगळुरास पोटामागे जाणारी खाणकामगारांची मुलेनातवंडे.

कोलारच्या सोन्याचा हिशेब वहीत तोळ्यामाशाने नोंदला गेला. ते काढणाऱ्यांचा इतिहास मात्र बहुतांशी घरोघरच्या आठवणींतच राहिला. मळ्यांवर आलेल्यांचीही कथा निराळी नाही. एकाच दुष्काळी मुलखातून फुटलेल्या या दोन वाटांची ही समान शिदोरी आहे. वृद्धांच्या मुखी असलेल्या हकिगती, गावांची नावे आणि जुनी कागदपत्रे वेळीच लिहून व जपून ठेवली, तरच पुढील पिढ्यांना आपल्या पूर्वजांची ओळख केवळ एका अंगठ्याच्या ठशापुरती राहणार नाही.